कुणाला काय ठाऊक : ‘ला प्रिन्सेस द क्लेव्ह’ची प्रस्तावना

1678 च्या मार्चमध्ये पॅरिसमधल्या क्लोद बार्बँ या पुस्तकविक्रेत्याकडे चार लहान भागांची एक कादंबरी विक्रीला आली. पुस्तकावर लेखकाचं नाव नव्हतं. आत विक्रेत्याने वाचकांसाठी थोडा मजकूर छापला होता. लेखकाचं नाव सांगायचं मन होत नाही, नावामुळे पुस्तकाचं नुकसान होईल अशी त्याला धास्ती वाटते, पुस्तक लोकांना आवडलं तर तो पुढे येईल, असा त्याचा आशय. पुस्तक आवडलं. ते वाचलं गेलं, त्यावर भांडणं झाली, त्याच्या विरोधात एक आख्खं पुस्तक निघालं आणि त्या पुस्तकाला उत्तर देणारं दुसरंही. लेखक मात्र पुढे आला नाही.

संशय जिच्यावर होता ती बाई होती मादाम द ला फायेत. एप्रिलमध्ये त्यांनी सव्हॉयच्या दरबारातल्या एका चिटणिसाला पत्र लिहिलं आणि कानांवर हात ठेवले. या पुस्तकाशी आपला काडीचा संबंध नाही, असं कळवलं. आणि त्याच पत्रात पुस्तकाची तारीफही केली, दरबारी जगाचं चित्र त्यात किती हुबेहूब उतरलं आहे ते सांगितलं. सव्हॉयचा कारभार त्या वेळी जिच्या हाती होता ती डचेस माहेरची नमूर घराण्यातली. कादंबरीचा नायक ड्यूक द नमूर हा तिचा सख्खा पणजोबा! ओळखीच्या राणीसाहेबांच्या पणजोबाला दुसऱ्याच्या बायकोच्या बागेत रात्री कुंपण ओलांडून शिरताना दाखवायचं असेल, तर लेखिकेने नामानिराळं राहावं हे समजण्यासारखं आहे. शिवाय उमराव घरातल्या बाईने गोष्टी लिहून बाजारात विकायला ठेवाव्यात हे त्या काळी कमीपणाचंच होतं. 1693 मध्ये त्या वारल्या, तोवर एकदाही त्यांचं नाव या पुस्तकावर छापलं गेलं नाही.

ही लपवाछपवी मी आधी सांगितली, कारण कादंबरीचा सगळा प्राण तिच्यातच आहे. कुणाला काय ठाऊक आहे, ते त्याला ठाऊक असल्याचं आणखी कुणाला कळलं आहे, आणि कळूनही कोण गप्प बसलं आहे, एवढ्यावर ही गोष्ट चालते. या दरबारात माणसाची अब्रू तो कसा वागला यावर थोडी अवलंबून असते आणि त्याच्या वागण्याची खबर कुठवर पोचली यावर जास्त.

काळ आहे 1558-59 चा. फ्रान्सच्या गादीवर दुसरा हेन्री आहे. त्याची राणी कातरीन द मेदिची आहे, पण शब्द चालतो तो द्यान द प्वातिये या त्याच्या प्रेयसीचा. ही बाई राजापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठी. एकीकडे गीझ घराणं, दुसरीकडे सरसेनापती मोंमोरांसी, आणि प्रत्येक उमराव कुणाच्या ना कुणाच्या गोटातला. लेखिकेने हे सगळं तिच्या आधीच्या शतकात जाऊन उभं केलं आहे. ब्रांतोमच्या आठवणी आणि मेझरेचा फ्रान्सचा इतिहास तिने बारकाईने वाचले होते. राजा, राणी, युवराज्ञी मेरी स्टुअर्ट, नमूर, नायिकेचा काका म्हणून येणारा विदाम द शार्त्र ही सगळी खरीखुरी माणसं. खोटी नायिका आणि तिची आई. जिला इतिहासात जागाच नाही अशी एक मुलगी इतक्या खऱ्या माणसांच्या मधोमध नेऊन ठेवायची, ही युक्ती आज कुठल्याही ऐतिहासिक कादंबरीत सापडते. 1678 मध्ये ती नवी होती. त्याआधीच्या पिढीत मादमवाझेल द स्क्युदेरीच्या ‘आर्तामेन’चा बोलबाला होता. तिचे दहा खंड, हजारो पानं, आणि पात्रं इराण-असीरियातली. तिच्यासमोर हे पुस्तक दोन बैठकींत संपतं.

गोष्ट सुरू होते एका लग्नाच्या बाजारात. मादाम द शार्त्र ही विधवा आई सोळाव्या वर्षात असलेल्या आपल्या मुलीला दरबारात घेऊन येते. मुलगी देखणी, घराणं थोर, पैसा रग्गड. आईचं शिक्षण मात्र चारचौघींपेक्षा वेगळं. इतर आया मुलींसमोर प्रेमाचं नावही काढत नाहीत. ही बाई मुलीला प्रेम किती गोड असतं तेही सांगते आणि पुरुष किती खोटे असतात तेही. सगळं आईला सांगायचं, ही सवय तिने मुलीला लावलेली असते. पुढे जे घडतं त्याची कळ या सवयीत आहे, हे लक्षात ठेवावं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी एका इटालियन जवाहिऱ्याकडे खडे पाहायला जाते, तिथे प्रिन्स द क्लेव्ह तिला पाहतो आणि जागच्या जागी प्रेमात पडतो. पुढे स्थळं येतात आणि मोडतात. मोडण्याचं कारण मुलीत नसतं. तिच्या काकाशी द्यानचं बिनसलेलं असतं, आणि द्यानची मर्जी गेली म्हणजे राजाची गेली. जिथे तिथे दार बंद होत गेल्यावर शेवटी क्लेव्हशी सोयरीक जुळते. मुलीला तो आवडतो, पण त्यापलीकडे काही नाही. हे तिलाही कळतं आणि त्यालाही. नवरा झाल्यावरही तो तिचा प्रियकर व्हायची वाट पाहत राहतो. या सगळ्या कादंबरीत मला सर्वांत करुण वाटतो तो हा नवरा. नमूरवर वाचकांचा जीव जडतो हे मी ऐकून आहे; मला त्याचं आकर्षण कधी वाटलं नाही.

नमूर आणि नायिकेची पहिली भेट लूव्रच्या राजवाड्यात नाचाच्या वेळी होते. नमूर उशिरा येतो, बसलेल्यांच्या आसनांवरून वाट काढत पुढे येतो आणि राजा तिला ओरडून सांगतो की आता आलेल्याबरोबर नाच. दोघांची ओळख करून दिलेली नसते. ते नाचू लागतात तशी दिवाणखान्यात कुजबूज पसरते. नाच संपल्यावर राजाराणी विचारतात, तुम्ही एकमेकांना ओळखलंत का? नमूर म्हणतो, मी तर ओळखलं. ती म्हणते, मला नाही बाई ओळखता आलं. युवराज्ञी तिथल्या तिथे टोकते की, ओळखल्याचं कबूल न करणं ही त्याला दिलेली एक प्रकारची पावतीच झाली. पहिल्या भेटीतलं पहिलं वाक्य खोटं, आणि ते पकडलंही गेलं. इतक्या साध्या चार वाक्यांत लेखिकेने पुढच्या सगळ्या पुस्तकाचा कायदा सांगून टाकला आहे.

आता चित्राचा प्रसंग पाहू. युवराज्ञीला दरबारातल्या सुंदर बायकांची लहान चित्रं काढून स्कॉटलंडला आईकडे पाठवायची आहेत. नायिकेचं चित्र चालू असताना नवऱ्याकडचं जुनं चित्र तुलनेसाठी मागवलं जातं. चित्रकार ते डबीतून काढून हाताळतो आणि टेबलावर ठेवतो. नमूर टेबलाजवळ उभा. खोलीत माणसं भरलेली. युवराज्ञी पलंगावर बसून नायिकेशी हळू आवाजात बोलते आहे. अर्ध्या ओढलेल्या पडद्याच्या फटीतून नायिकेला नमूरची पाठ दिसते, आणि तो टेबलावरचं काहीतरी उचलून घेतो आहे हेही. काय उचललं ते तिला चटकन उमजतं. ती इतकी गडबडते की युवराज्ञी मोठ्याने विचारते, तू कुठे बघते आहेस? नमूर वळतो. नजरानजर होते.

आता तिने काय करायचं? चारचौघांत चित्र परत मागितलं तर नमूरचं प्रेम जगजाहीर होणार. एकांतात मागितलं तर त्याला ते बोलून दाखवायची संधी मिळणार. ती गप्प बसते. चोरी होऊ देते. आणि नमूरला कळतं की तिने पाहिलं आणि ती बोलली नाही. संध्याकाळी चित्राची शोधाशोध होते, तेव्हा नवरा थट्टेत म्हणतो, एखाद्या यारालाच दिलं असशील. कुणी कुणाला स्पर्श केलेला नाही, प्रेमाचा एक शब्द बोलला गेलेला नाही, तरी या दोन पानांत इतकं घडून गेलं आहे की दुसऱ्या लेखकाला त्यासाठी बागेतल्या दहा भेटी लिहाव्या लागल्या असत्या.

असे प्रसंग पुस्तकभर आहेत. भाल्यांच्या खेळात नमूर पिवळा आणि काळा रंग घालून उतरतो, पिवळा का ते कुणालाच कळत नाही. आपण सोनेरी केसांच्या असल्यामुळे आवडता पिवळा आपल्याला घालता येत नाही, असं एकदा त्याच्यासमोर बोलून गेलेल्या नायिकेला तेवढं कळतं. विदामच्या हरवलेल्या प्रेमपत्राची भानगड तर एखाद्या चांगल्या फार्ससारखी आहे. पत्र भलत्याच्या हाती पडतं, राणी ते मागते, आणि ते आधीच परत गेलेलं असल्यामुळे नमूर आणि नायिका, शेजारी नवऱ्याला बसवून, आठवेल तसं पत्र पुन्हा लिहायला बसतात. दोघं इतकी खुशीत असतात की काम पुढेच सरकत नाही. नक्कल वाईट उतरते, राणीला ती फसवू शकत नाही, आणि त्याचा डूख धरून पुढे ती विदामला पार धुळीला मिळवते. हसण्यावारी गेलेल्या दुपारीतून एका माणसाचा सर्वनाश निघावा, यात मला लेखिकेची खरी तटस्थता दिसते.

पण ज्या पानांमुळे फ्रान्स भांडायला उठला ती कुलोमिएच्या बागेतली. (कुलोमिएचा हा वाडा प्रत्यक्षात सतराव्या शतकात बांधला गेला, लेखिकेने तो बिनदिक्कत पन्नास वर्षं आधी उभा केला आहे. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीकारांना अशा गोष्टींसाठी वर्तमानपत्रांतून झोडपलं जातं.) आई वारलेली. सगळं जिला सांगायचं ती आता नाही. नायिका दरबारापासून दूर राहायचा हट्ट धरते, नवरा कारण विचारतो, पुन्हा पुन्हा विचारतो, आणि ती त्याच्या पायाशी बसून सांगून टाकते: माझं मन दुसऱ्या कुणावर गेलं आहे, मी वाईट वागलेले नाही, वागणारही नाही, पण मला दरबारापासून दूर ठेवा. नाव सांगत नाही. नवरा हादरतो, आणि त्याच वेळी अशी बायको लाभली म्हणून तिच्यापुढे नमतोही. आणि मंडपाशेजारच्या खोलीत लपलेला नमूर हे सगळं ऐकत असतो.

हा योगायोग अनेकांना खटकला आणि खटकावा असाच आहे. पण त्यानंतरचं जे आहे ते निर्दोष आहे. इतकी आनंदाची गोष्ट पोटात ठेवणं नमूरला जमत नाही. तो ती कुणा एकाची गोष्ट म्हणून विदामला सांगतो. विदाम आपल्या प्रेयसीला सांगतो. ती युवराज्ञीला सांगते. युवराज्ञी मोठ्या चवीने ती नायिकेलाच ऐकवते, आणि वर म्हणते की यातला पुरुष म्हणजे नमूर. आणि नमूर त्या वेळी तिथे हजर असतो! घरी आल्यावर नवरा-बायको एकमेकांवर चढतात. तिला वाटतं नवऱ्याने फोडलं, त्याला वाटतं तिने फोडलं. दोघंही निर्दोष. जगात ज्या एका माणसावर भरवसा टाकावा असं दोघांना वाटलं होतं तो भरवसा त्या दुपारी संपतो, आणि बातमी कशी फुटली हे कादंबरीच्या शेवटाकडेच उघड होतं. खरं बोलल्याने घात झाला असं इथे म्हणता येत नाही. घात झाला तो ते पाचामुखी गेल्याने.

पुस्तक निघाल्यावर महिनाभरातच ‘मेर्क्यूर गालां’ या मासिकाचा संपादक दोनो द विझे याने वाचकांना प्रश्न टाकला: नवऱ्याबद्दल आदर असलेल्या, पण दुसऱ्यावर मन गेलेल्या सुशील बायकोने ते नवऱ्याला सांगावं की पोटात ठेवावं? गावोगावहून उत्तरं आली. बहुतेकांनी कौल दिला, गप्प बसावं. तरुण फोंतनेलने गणिती असल्याचा आव आणून टोपणनावाने लिहिलं की आपण पुस्तक चार वेळा वाचलं. ब्यूसी-राब्युतांने मादाम द सेव्हिन्येला कळवलं की, बायकोने नवऱ्याला असं काही सांगणं हे अशक्य कोटीतलं आहे आणि लेखकाला इतर कादंबऱ्यांपेक्षा वेगळं करून दाखवायची हाव सुटलेली दिसते. व्यक्तिशः मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. सांगावं की सांगू नये हे ठरवायला ती स्थिरचित्त असायला हवी होती. तिला लहानपणापासून एकच मार्ग ठाऊक होता, सगळं सांगून टाकायचा, आणि ऐकणारी मेल्यावर तिने तो नवऱ्याकडे वळवला.

लेखिकेबद्दल थोडं. जन्म 1634, माहेरचं नाव मारी-मादलेन पिओश द ला वेर्ञ. 1655 मध्ये ओव्हेर्ञ प्रांतातल्या एका काउंटशी लग्न झालं. काही वर्षांनी नवरा आपल्या जमिनीवर आणि ही पॅरिसमध्ये व्होजिरार रस्त्यावरच्या घरात, अशी व्यवस्था लागली. दोन मुलगे झाले, भांडणतंटा ऐकिवात नाही. नवऱ्याच्या इस्टेटीचे दावे तिने पॅरिसमध्ये बसून चालवले, आणि कोर्टकचेरीत तिची समज वकिलाइतकी होती असं तिच्या पत्रांवरून दिसतं. ‘माक्सीम’ लिहिणारा ला रोशफुको तिचा जिवलग मित्र. 1680 मध्ये तो मरेपर्यंत त्याचा राबता तिच्याकडे होता. माणसाच्या सद्गुणांत स्वार्थ किती मिसळलेला असतो याचा हिशेब मांडणारा हा माणूस. पुस्तकात त्याचा हात होता का, यावर त्याच काळी कुजबूज झाली आणि ती अजून संपलेली नाही. बाईने चांगलं लिहिलं की जवळच्या पुरुषाकडे बोट दाखवायचं, हा रिवाज फक्त फ्रान्सचा नाही.

मराठी वाचकाला ही कादंबरी सुरुवातीला परकी वाटेल ती माणसांमुळे नव्हे. राज्य, गोट, दिवाणखाना, कानोकानी जाणारी बातमी, सोयरिकीत अडकलेलं राजकारण, हे आपल्याला पेशवाईवरच्या कादंबऱ्यांतून पाठ आहे. परकेपणा आहे तो घटनांच्या अभावाचा. ‘स्वामी’ (1962) किंवा ‘राऊ’ (1972) वाचून आलेला वाचक लढाईची, तहाची, निदान वाड्यातल्या मोठ्या कलहाची वाट पाहील. ‘राऊ’मध्ये मस्तानी ही गोष्ट लपलेली नाही, सारं पुणं ती जाणतं आणि भांडण उंबरठ्यावर येऊन ठेपतं. इथे उंबरठ्यावर काहीच येत नाही. राजकारणातली एकच मोठी घटना घडते, आणि तीही अपघात आहे: 1559 च्या 30 जूनला मुलीच्या आणि बहिणीच्या लग्नाच्या उत्सवात भाल्यांचा खेळ खेळताना माँगोमेरीच्या तुटलेल्या भाल्याचा तुकडा राजाच्या डोळ्यात शिरतो आणि 10 जुलैला राजा मरतो. एका रात्रीत द्यानला दरबार सोडावा लागतो आणि गीझ वर येतात. लेखिका ते थोडक्यात उरकते आणि पुन्हा आपल्या तिघांकडे वळते.

साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे पुस्तक फ्रान्समध्ये अलीकडेच एकदा रस्त्यावर आलं. 2006 मध्ये तेव्हाचे गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी लिओंच्या सभेत या पुस्तकाची टिंगल केली. सरकारी कारकुनांच्या परीक्षेत ‘ला प्रिन्सेस द क्लेव्ह’वर प्रश्न कुणी ठेवला, खिडकीवर बसणाऱ्या बाईला हे कशाला हवं, असा त्यांचा सूर होता. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, 2009 मध्ये विद्यापीठांचा संप पेटला, आणि प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी पॅरिसमध्ये पाँतेओंसमोर उभं राहून हे पुस्तक पाळीपाळीने मोठ्याने वाचलं. आपण हे पुस्तक वाचतो असं लिहिलेले बिल्ले लोकांनी छातीवर लावले. खपही वाढला. मंत्र्याच्या टिंगलीने एखाद्या अभिजात पुस्तकाचं इतकं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

शेवटाबद्दल लिहिलं नाही तर ही प्रस्तावना अर्धवट राहील. ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

क्लेव्ह मरतो. बायकोवर नजर ठेवायला पाठवलेला माणूस येऊन सांगतो की नमूर दोन रात्री बागेत गेला होता. आत गेला की नाही हे न विचारताच क्लेव्ह तापाने अंथरूण धरतो. आता नायिका विधवा आहे, तरुण आहे, नमूर मोकळा आहे, काका लग्नाच्या बाजूने आहे. लोकलज्जेची एकही अडचण उरलेली नाही. ती नमूरला भेटते आणि एकदाच, पहिल्यांदा आणि शेवटचं, सगळं सांगते: होय, माझं तुमच्यावर प्रेम होतं आणि आहे. आणि लग्नाला नकार देते. नवऱ्याच्या मरणाला तो कारण झाला हे एक. दुसरं तिने जास्त स्पष्ट सांगितलं आहे. तुमचं प्रेम टिकलं ते मी मिळत नव्हते म्हणून. तुमच्या आधीच्या साऱ्या भानगडी मला ठाऊक आहेत. उद्या तुमचं मन उडालं तर ते सोसायची माझी तयारी नाही. ती पिरेनीजकडच्या आपल्या जमिनीवर जाते, आजारी पडते, वर्षातला काही काळ मठात काढू लागते आणि लवकर मरते. खऱ्या इतिहासातल्या नमूरने 1566 मध्ये गीझच्या विधवेशी लग्न केलं. लेखिकेने हे माहीत असूनही लिहिलं नाही. तिने एवढंच सांगितलं की वर्षं गेली, अंतर पडलं, आणि नमूरचं दुःख ओसरलं.

वाचताना एक काळजी घ्यावी. पहिली वीसेक पानं नावांनी गच्च आहेत. ड्यूक, प्रिन्स, कार्दिनाल, कोण कुणाचा मेहुणा हे काही केल्या लक्षात राहत नाही. ती पानं न अडखळता ओलांडावीत. लेखिकेलाही वाचकाने दरबारात नव्याने आलेल्या त्या मुलीसारखं थोडं गोंधळावं असंच वाटत असणार. द्यानची, ॲन बोलीनची, मादाम द तुर्नोंची अशा ज्या उपकथा मधेच येतात त्या मात्र गाळू नयेत. कुणीतरी नायिकेला त्या सांगत असतं, आणि प्रत्येक गोष्ट ऐकून ती थोडी जास्त सावध होत जाते. नकार तिथे तयार होतो.

आणि एक विनंती. आपल्याकडे अशी बाई दिसली की तिला पतिव्रतांच्या रांगेत नेऊन बसवायची घाई होते. तिला तिथे बसवू नका. नवऱ्याच्या आठवणीला तिने मान दिला हे खरं, पण नमूरला नाही म्हणताना ती स्वतःचा विचार करत होती आणि तो तिने त्याच्या तोंडावर बोलून दाखवला. ती चारेक पानं दोनदा वाचा.